रानातली पहिली इंटर्नशिप : पहिल्या ईमेलपासून शेवटच्या डेटाशीटपर्यंत

माझ्या हाताखाली आजवर बरेच इंटर्न येऊन गेले. त्यातल्या एकीच्या वहीत पहिल्या आठवड्याची सहा पानं कोरी होती. रोज पहाटे ती दोन किलोमीटरची ठरलेली वाट चालायची, ओलीचिंब होऊन परतायची, पण वहीत काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, "ताई, काही दिसलंच नाही. मग लिहू काय?"

लिहायचं ते हेच. तारीख, निघायची वेळ, पोचायची वेळ, आभाळ कसं होतं, किती अंतर चाललो, आणि शेवटी शून्य. प्राणी दिसला त्याच दिवसांची नोंद ठेवली, तर हिशेबात जंगल प्राण्यांनी गच्च भरलेलं निघतं. किती चाललो आणि त्यात किती दिसलं, या दोन्ही आकड्यांशिवाय 'किती प्राणी आहेत' या प्रश्नाला हातच घालता येत नाही. तिच्या त्या सहा पहाटा वाया गेल्या. आणि चूक खरं तर माझी होती, कारण मी तिला हे पहिल्या दिवशी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा लेख. वन्यजीव संशोधनात किंवा उष्णकटिबंधीय जंगलांच्या संवर्धनात पहिल्यांदाच इंटर्नशिप करायची असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि रानात गेल्यावर काय करायचं, ते सांगते.

प्राणी निवडू नका, प्रश्न निवडा

"मला बिबट्यांवर काम करायचंय," असे ईमेल ढिगाने येतात. बिबट्यावर काम करणाऱ्या इंटर्नला महिनोन् महिने प्रत्यक्ष बिबट्या दिसत नाही. दिसते ती विष्ठा, झाडावरचे ओरखडे आणि कॅमेऱ्यातले फोटो. त्यापेक्षा कामाचा प्रकार आपल्या स्वभावाला मानवतो का, ते आधी बघा. झाडं मोजण्यासाठी आखलेल्या तुकड्यावरचं, म्हणजे प्लॉटवरचं, काम संथ आणि चिकाटीचं असतं. पक्षिगणनेला कान तयार लागतात आणि पहाटे साडेचारला उठायची तयारी. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, कामात चालणं निम्मं आणि संगणकासमोर बसून हजारो फोटोंना नावं देणं निम्मं. जंगल पुन्हा उभं करण्याच्या प्रकल्पात रोपवाटिका, माती आणि तण यांतच दिवस जातो. जंगलाकाठच्या लोकांच्या मुलाखती घेण्याचं कामही संवर्धनातच येतं. ज्यांना माणसांशी बोलायला आवडतं त्यांनी त्याला दुय्यम समजू नये. माझ्या मते ते सगळ्यात अवघड आहे.

कंटाळवाण्या मोजणीतून काय हाती लागतं याचं एक उदाहरण देते. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला आणि त्याचं बेट झालं. हेच बारो कोलोरॅडो. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखीव आहे. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमाराला ५० हेक्टरचा एक प्लॉट आखला. त्यातलं १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजायचं, त्याला क्रमांक द्यायचा, नकाशावर त्याची जागा टिपायची, आणि काही वर्षांनी, साधारण दर पाच वर्षांनी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. एका फेरीत दोन लाखांहून जास्त खोडं होतात.

हा खटाटोप कशासाठी? उष्ण प्रदेशातल्या एवढ्याशा जंगलात झाडांच्या इतक्या जाती एकत्र कशा नांदतात, हे कोडं जुनं आहे. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये त्यावर स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला. मातृवृक्षाच्या पायाशी त्या जातीलाच लागणारे किडे आणि रोग दबा धरून असतात. तिथे पडलेलं बी आणि रोपं ते फस्त करतात, दूर गेलेलं बी वाचतं. त्यामुळे कुठलीच एक जात सगळी जागा बळकावू शकत नाही. कल्पना सुरेख आहे, पण ती खरी की खोटी हे ठरतं कोण कुठे उगवलं, किती वाढलं आणि कधी मेलं याच्या नोंदींवरून. आणि त्या नोंदी करणाऱ्यांत तुमच्या वयाची, टेप घेऊन चिखलात गुडघे टेकून बसलेली मुलं असतात.

जागा शोधणं आणि पारखणं

मोठी संशोधन केंद्रं आणि विद्यापीठांचे विभाग आपल्या जागा जाहीर करतात, पण बऱ्याच जागा जाहिरातीविनाच भरल्या जातात. त्यासाठी उलटा रस्ता धरा. आवडलेल्या विषयावरचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध वाचा आणि शेवटचं आभारप्रदर्शन नीट बघा. कुठल्या केंद्रावर काम झालं, पैसा कोणी दिला, मदतीला कोण होतं, सगळं तिथे असतं. पीएचडी करणारे विद्यार्थीही तिथेच सापडतात. मदतनीसाची गरज प्राध्यापकांपेक्षा त्यांनाच जास्त असते.

पैशाच्या बाजूने इंटर्नशिपचे तीन प्रकार दिसतील. काही ठिकाणी मानधन मिळतं. काही ठिकाणी राहण्याजेवणाची सोय होते, हातात काही पडत नाही. काही ठिकाणी उलट तुम्हीच पैसे भरता. पैसे मागितले म्हणजे लगेच फसवणूक असं नाही. दुर्गम केंद्र चालवायला खर्च येतो आणि केंद्रं खाटेचे आणि जेवणाचे पैसे सगळ्यांकडून घेतात. मात्र पैसे कशाचे, हे लेखी विचारा. प्रकल्पाचा शास्त्रज्ञ कोण, संशोधनाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, आधीच्या दोन इंटर्नशी बोलता येईल का, हेही विचारा. सरळ उत्तरं आली नाहीत तर तिथेच थांबा.

एक खूण मात्र पक्की आहे. जाहिरातीत वाघाचे बछडे मांडीवर घेतलेली किंवा माकडाला कुशीत घेतलेली मुलं दिसली, तर ते संशोधन नाही. ज्या प्राण्याचा अभ्यास करायचा त्याच्यापासून संशोधक होता होईल तेवढा लांब राहतो. गोरिला-चिंपांझींच्या बाबतीत तर हे प्राणावरचं आहे. आपली साधी सर्दी त्यांना लागते आणि त्यात ते मरतात. पश्चिम आफ्रिकेत, कोत दिव्वारमधल्या ताई नावाच्या जंगलात चिंपांझींचे असे मृत्यू झाले आणि त्यांच्या शरीरात माणसाकडून आलेले श्वसनाचे विषाणू सापडले. म्हणूनच तिथल्यासारख्या प्रकल्पांत मास्क, ठरलेलं अंतर आणि नव्या माणसाला आधी काही दिवस वेगळं ठेवणं हे नियम असतात. असे नियम नसलेल्या ठिकाणी जाऊ नका.

ईमेल

छोटा लिहा. "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे" हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक अर्जात असतं. चांगला ईमेल साधारण असा असतो :

"फळं खाणाऱ्या पक्ष्यांवरचा तुमचा गेल्या वर्षीचा निबंध वाचला. छोट्या बियांची झाडं तुकड्या-तुकड्यांच्या जंगलातही टिकतात, मोठ्या बियांची मात्र कमी होतात, असं त्यात आहे. बी वाहून नेल्यानंतर ते रुजतं का, हे कसं बघता, हा प्रश्न मला पडला. मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घराजवळच्या एका झाडावर येणाऱ्या पक्ष्यांची पाच महिने नोंद ठेवली आहे, तक्ता सोबत जोडला आहे. पुढच्या हंगामात दहा आठवडे मोकळी आहे. तुमच्या किंवा तुमच्या विद्यार्थ्यांच्या कामात मदत करायला आवडेल."

बस. यात निबंध वाचल्याचा पुरावा आहे, प्रश्न आहे आणि स्वतः काहीतरी केल्याचा पुरावा आहे. तारखाही आहेत, आणि त्याच बहुतेक जण विसरतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. त्यानंतर दुसरीकडे वळा आणि मनाला लावून घेऊ नका. फील्डवर असलेल्या माणसाला ईमेल महिनाभर उघडता येत नाही.

परदेशी जाणार असाल तर सहा महिने आधी तरी लिहा. पर्यटक व्हिसावर संशोधन करणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे आणि परवान्यांना वेळ लागतो. पान, पीस, विष्ठेचा नमुना, काहीही देशाबाहेर न्यायचं तर वेगळी परवानगी लागते. नागोया हा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये लागू झाल्यापासून जनुकीय सामग्रीच्या बाबतीत तर फारच काटेकोरपणा आला आहे. खिशात सहज ठेवलेलं एक पीससुद्धा तुमच्या प्रमुखाला अडचणीत आणू शकतं.

जाण्याआधीचे दोन महिने

सगळ्यात उपयोगी सराव फुकट आहे. घराजवळची कुठलीही जागा निवडा, रोज अर्धा तास तिथे बसा आणि दर दहा मिनिटांनी काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहा. काही नसेल तर शून्य लिहा. आठवड्याभरात कळेल की बसणं सोपं आहे आणि नेमाने लिहिणं अवघड. सोबत ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी टाकायला लागा. स्प्रेडशीट नीटनेटकी भरायला शिका, म्हणजे एका रकान्यात एकच गोष्ट आणि तारीख सगळीकडे एकाच पद्धतीने. आकडेमोडीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. त्यांची तोंडओळख असली तरी पुरते.

डॉक्टरांकडे किमान दीड-दोन महिने आधी जा आणि नेमकं कुठे, किती दिवस जाणार ते सांगा. धनुर्वात, प्रसंगी रेबीजची आगाऊ लस, मलेरियाच्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्या, हे त्यांनी ठरवायचं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि काही देशांत तिच्या दाखल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. विमा घेताना दुर्गम भागातून रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च त्यात धरलाय का, ती ओळ शोधून वाचा.

सामानाबद्दल नवखे लोक फार विचार करतात आणि चुकीच्या गोष्टींवर पैसे घालवतात. महागडे नवेकोरे बूट घेऊन येतात आणि तिसऱ्या दिवशी टाचा सोलवटून बसतात. ओल्या जंगलात बऱ्याच ठिकाणी जुनी माणसं साधे रबरी गमबूट घालतात. चिखल, पाणी आणि साप, तिन्हींपासून ते बरे. जळवा असतील तिथे घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे हवेत. कपड्यांचा एकच मंत्र : एक जोड ओला, एक कोरडा. कोरडा फक्त रात्री झोपताना. सकाळी थंडगार ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. जिवावर येतं, पण कोरडा जोड दिवसा वापरलात तर रात्री दोन्ही ओले. बाकी शिटी, डोक्याला लावायचा दिवा, झिपच्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या आणि पेन्सिली. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, जेलपेनाची शाई पहिल्या सरीत वाहून जाते.

पहिला आठवडा : मागे चाला

फील्डवर पोचल्यावर तुमचा खरा शिक्षक प्राध्यापक नसतो. तिथे वीस-वीस वर्षं काम करणारे स्थानिक फील्ड असिस्टंट आणि वाटाडे असतात. त्यांच्या मागून चाला, गप्प राहा, ते कुठे थांबतात ते बघा. मला पान उलटं पडलेलं दिसतं, त्यांना त्यावरून पहाटे कोण गेलं ते कळतं. त्यांचं नाव वहीत लिहा, 'गाइड' म्हणून नाही, नावाने. नोंद कोणी केली हा डेटाचाच भाग आहे.

आता हातातली कामं. कॅमेरा ट्रॅप लावणं सोपं वाटतं, म्हणून तेच जरा तपशिलात सांगते. यातला संवेदक अंगाची उष्णता आणि हालचाल टिपतो. मध्यम-मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी तो गुडघ्याच्या उंचीला, साधारण ४० ते ५० सेंटिमीटरवर बांधतात. तोंड शक्यतो उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवायचं, म्हणजे उगवता-मावळता सूर्य समोर येत नाही. समोरचं गवत आणि लोंबणारी फांदी काढायची, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या एकाच पानाचे चार हजार फोटो घेऊन याल. मग स्वतः रांगत कॅमेऱ्यासमोरून जायचं आणि दिवा लागतो का बघायचं. शेवटी एका पाटीवर जागेचा क्रमांक, तारीख आणि हातातल्या घड्याळातली वेळ लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची.

या पाटीचं मोल मला एका फजितीतून कळलं. माझ्या एका कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळ उलटी पडली होती. तीन आठवड्यांनी कार्ड काढलं, तर उदमांजराचा फोटो, चक्क रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशातला काळा-पांढरा, आणि खाली वेळ दुपारी १.४०. निशाचर प्राणी भर दुपारी फिरत होते म्हणे! पहिल्या फोटोतल्या पाटीवर खरी वेळ होती, म्हणून सगळे फोटो बरोबर बारा तासांनी सरकवता आले. पाटी नसती तर सगळं टाकून द्यावं लागलं असतं.

ट्रान्सेक्टवर, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालून प्राणी मोजताना अंतर तुमच्यापासून नाही, रेषेपासून हवं असतं. प्राणी पहिल्यांदा दिसला तिथलं थेट अंतर रेंजफाइंडरने घ्या, होकायंत्राने रेषेशी होणारा कोन घ्या, आणि अंतराला कोनाच्या साइनने गुणा. सांबर ३० मीटरवर आणि कोन ३० अंशाचा असेल, तर रेषेपासूनचं अंतर १५ मीटर. तुमची चाहूल लागून ते पळालं, तर पळाल्यानंतरची नाही, आधीची जागा धरायची. अंतर डोळ्यांनी अंदाजायचं नाही. सगळ्यांचेच अंदाज १०, २०, ५० अशा गोल आकड्यांवर जाऊन बसतात आणि मग आलेख पायऱ्यांचा होतो.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. वर्षावनातल्या मोठ्या झाडांना तिथे भिंतीसारखी आधारमुळं असतात, मग ती संपतात त्याच्या वर शिडी लावून मोजायचं आणि उंची लिहायची. टेप वेलींच्या खालून घाला. उतारावर कुठल्या बाजूने मोजायचं हे प्रत्येक प्रकल्पाने ठरवलेलं असतं, ते विचारा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

ओळखता न आलेल्या गोष्टीला नाव चिकटवू नका. 'अनोळखी-३' लिहा, पान, साल, फळ यांचा फोटो घ्या आणि पुढे चला. चुकीचं नाव डेटात एकदा शिरलं की ते शोधून काढायला वर्षं जातात. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. रोज संध्याकाळी, कितीही दमलात तरी, पानांचे फोटो काढा आणि डेटा संगणकात भरा. "उद्या भरू" म्हणालात की आजचा '१' उद्या '७' दिसायला लागतो.

जपून

लोक वाघ-सापांना घाबरतात. मी घाबरते ते वठलेल्या फांद्या, चढलेले ओढे आणि निसरडे दगड यांना. वारा सुटला की मोठ्या झाडाखालून निघा. तंबू लावण्याआधी मान वर करून बघा. पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं तर ओढा ओलांडू नका, अलीकडेच रात्र काढावी लागली तरी बेहत्तर. हरवलात तर थांबा आणि शिटी वाजवा. कुठे जातोय, किती वाजता परतणार, हे फळ्यावर लिहिल्याशिवाय कॅम्प सोडायचा नाही.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला भाग हलू न देता थेट रुग्णालय गाठा. जळू नखाने कडेने सरकवली की सुटते, मीठ आणि काडेपेटीची गरज नसते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा की तुम्ही मलेरियाच्या जंगलात होता.

आणखी एक धोका जंगलाचा नाही, माणसांचा आहे. दूरचा कॅम्प, मोजकी माणसं, वरिष्ठाच्या हातात शिफारसपत्र, अशा जागी त्रास झाला तर बोलणं कठीण जातं. म्हणून जाण्याआधीच विचारा : वर्तनाचे लेखी नियम आहेत का, आणि प्रकल्पप्रमुखाला वगळून तक्रार कोणाकडे करायची? या प्रश्नाने कोणी नाराज झालं, तर तेच उत्तर समजा.

फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. दुर्मीळ ऑर्किड किंवा घरट्याचा जागेसकट टाकलेला फोटो शिकारी आणि चोरटे व्यापारी आवर्जून बघतात. कॅमेरा ट्रॅपमध्ये लाकूडफाटा नेणारी माणसं आली तर तो फोटो गंमत म्हणूनही कोणाला पाठवू नका. त्याचं काय करायचं हे प्रकल्पाने ठरवायचं.

निघताना

शेवटचा आठवडा फिरण्यात घालवू नका. डेटाच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, वापरलेली संक्षिप्त रूपं आणि कुठल्या दिवशी काय बिघडलं, हे एका साध्या फाइलमध्ये लिहून द्या. वह्या मूळ स्वरूपात जमा करा. बुटांच्या तळव्यातला चिखल ब्रशने घासून तिथेच काढा. त्यातून बिया जातात आणि बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही. निबंधात तुमचं नाव लेखकांत येणार की आभारांत, हा विषय खरं तर पहिल्याच आठवड्यात काढायचा असतो. राहिला असेल तर आता मोकळेपणाने काढा.

आणि कॉलेजच्या ईमेलखेरीज दुसरा, कायमचा पत्ता देऊन ठेवा. कॉलेजचा पदवीनंतर बंद होतो आणि निबंध छापायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. एका माजी इंटर्नची संमती हवी म्हणून मी चार महिने तिला शोधत होते.